ताटातला कार्बन: मांसाहार, दूध आणि व्हिगन आहार यांचा हिशोब घरच्या घरी कसा मांडावा

आहाराचा पर्यावरणावर काय परिणाम होतो, ही चर्चा आपल्याकडे बहुधा शाकाहार विरुद्ध मांसाहार अशी सुरू होते आणि जात, धर्म, संस्कार यांच्या वादात हरवून जाते. म्हशीच्या ढेकरेतून बाहेर पडणारा मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू मात्र ती म्हैस दुधासाठी पाळली आहे की मांसासाठी, यावरून बदलत नाही. म्हणून आपल्या घरच्या अन्नाचा भार खरोखर किती आहे हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे, त्यांनी वाद बाजूला ठेवून वजन आणि गुणाकार यांवर भर द्यावा. एक वही, स्वयंपाकघरातला वजनकाटा, महिन्याभराची बिले आणि सुटीच्या दिवशीचे दोन तास एवढ्या साहित्यात हा हिशोब पूर्ण होतो. तो मांडल्यावर अनेक मराठी घरांत सर्वांत मोठी रक्कम मटणासमोर नव्हे, तर दुधासमोर लिहावी लागते, असे माझे मत आहे आणि पुढील उदाहरणातून ते पडताळून पाहता येईल.

महिनाभराची नोंद

पहिले काम नोंदीचे. दुधाचा रतीब असेल तर हिशोब आयताच मिळतो; पिशव्या येत असतील तर रोजच्या पिशव्या मोजाव्यात. किराण्याच्या यादीतून तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी, कडधान्ये, तेल, साखर आणि शेंगदाणे यांची वजने घ्यावीत. भाजीचे वजन अंदाजाने लिहिले तरी चालते, कारण शेवटच्या बेरजेत भाजीचा वाटा इतका लहान असतो की अंदाज दोन-चार किलोंनी चुकला तरी निष्कर्ष बदलत नाही. शिजवलेल्या अन्नाचे नव्हे, कच्च्या मालाचे वजन धरावे.

नोंद करताना तीन ठिकाणी चूक होते. पहिली चूक हाडांची. पुढे दिलेले मांसाचे आकडे हाडे आणि चरबी वगळलेल्या मांसाचे आहेत, त्यामुळे दुकानातून आणलेल्या मटणाच्या किंवा कोंबडीच्या वजनातून साधारण चौथा हिस्सा वजा करावा. दुसरी चूक दुप्पट मोजणीची. घरी आलेल्या दुधाची साय साठवून लोणी आणि तूप काढत असाल, त्याच दुधाचे दही लावत असाल, तर ते पुन्हा मोजू नये. दुधाच्या नोंदीत ते आधीच आले आहे. विकतचे पनीर मात्र वेगळे मोजावे, कारण एक किलो पनीर करायला गाईचे किंवा म्हशीचे साधारण पाच लिटर दूध लागते. तिसरी चूक बाहेरच्या खाण्याची. खाणावळीत किंवा हॉटेलात खाल्लेले नोंदीत येतच नाही. मटणाच्या एका ताटामागे १५० ग्रॅम आणि पनीरच्या एका भाजीमागे १०० ग्रॅम असा ठोकताळा धरून तेही वहीत उतरवावे. अंडे ५० ग्रॅमचे धरावे.

गुणाकारासाठी आकडे

जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून ४० अन्नपदार्थांचा भार काढला आहे. जमीन साफ करण्यापासून चारा, खत, शेतावरचे वायू, प्रक्रिया, वाहतूक, वेष्टन आणि दुकानापर्यंतची सगळी साखळी त्यात धरलेली आहे. आपल्या घरातला गॅस तेवढा धरलेला नाही. सर्व वायूंचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडच्या मापात केलेले असल्यामुळे एकाच किलोच्या मापाने बेरीज करता येते; त्यालाच पुढे थोडक्यात कार्बन म्हटले आहे.

या अभ्यासातील जागतिक सरासरीनुसार एक किलो मटणामागे सुमारे ४० किलो, कोंबडीमागे जवळपास १०, अंड्यांमागे ४.७, दुधाच्या एका लिटरमागे ३.२ आणि मत्स्यशेतीतील कोळंबीमागे सुमारे २७ किलो कार्बन धरावा. वनस्पतींकडे वळल्यास तांदळामागे ४.५, शेंगदाण्यामागे ३.२, टोफूमागे ३.२, साखरेमागे ३.२, सूर्यफूल तेलामागे ३.६, डाळी-कडधान्यांमागे १.८, गव्हामागे १.६, तर बटाटा, कांदा आणि बहुतेक भाज्यांमागे जेमतेम अर्धा किलो येतो. सोया दुधाचा आकडा लिटरमागे १ किलोच्या आसपास आहे. ज्वारी-बाजरीला या हिशोबापुरता गव्हाचाच आकडा लावावा.

गोमांसाचा जो ९९ किलोंचा आकडा सर्वत्र उद्धृत होतो, तो केवळ मांसासाठी पाळलेल्या कळपांचा आहे; दुधाच्या कळपातून येणाऱ्या मोठ्या जनावराच्या मांसाचा आकडा ३३ च्या आसपास आहे. महाराष्ट्रात २०१५ च्या सुधारित कायद्यानंतर गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे येथे मिळते ते म्हशी-रेड्यांचे मांस, आणि म्हैस दुधासाठीच पाळली जात असल्याने त्याला ३३ हा आकडा अधिक जवळचा आहे. अमेरिकेतील किंवा ब्राझीलमधील गोमांसाचे आकडे घेऊन आपल्या ताटाचा हिशोब करू नये.

दुधाच्या ३.२ या आकड्यावरही शंका घेतली जाते आणि ती रास्त आहे, कारण आपली जनावरे विदेशी संकरित गायींपेक्षा कमी दूध देतात. जनावर जेवढे कमी दूध देईल, तेवढा त्याच्या पोटातून निघणाऱ्या मिथेनचा बोजा प्रत्येक लिटरवर अधिक पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१० मध्ये दुधाचा जो अभ्यास केला, त्यात जागतिक सरासरी किलोमागे २.४ निघाली, तर दक्षिण आशियाचा आकडा ३ ते ५ यांच्या दरम्यान. म्हणजे ३.२ धरल्याने दुधावर अन्याय होत नाही; झालाच तर थोडा उदारपणाच होतो.

मिथेन येतो कोठून, हेही समजून घेतलेले बरे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे आहेत. माणसाला पचणार नाही असा कडबा आणि गवत त्यांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव फोडतात आणि त्या प्रक्रियेत तयार होणारा मिथेन ढेकरेवाटे बाहेर पडतो. कोंबडीला असे पोट नसते, म्हणून तिचा आकडा एकदम खाली येतो. जनावरांमधून येणाऱ्या मिथेनचा उष्णता धरून ठेवण्याचा परिणाम १०० वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट, आणि २० वर्षांच्या काळात सुमारे ८० पट भरतो. तो वातावरणात साधारण १२ वर्षे टिकतो. याचा दुसरा अर्थ असा की मिथेन कमी केल्याचा परिणाम आपल्याच हयातीत दिसू शकतो, आणि आहारातील बदलाला हवामानाच्या प्रश्नात एवढे महत्त्व आहे ते यामुळेच.

एका घराचा हिशोब

चार माणसांचे एक घर नमुन्यादाखल घेऊ. रोज दीड लिटर दूध, म्हणजे महिन्याला ४५ लिटर. मटण पावणेतीन किलो आले, हाडे वजा जाता २ किलो. कोंबडी ४ किलो आली, हाडे वजा जाता ३ किलो. अंडी ३०, पनीर १ किलो, तांदूळ ८ किलो, गहू-ज्वारी १५ किलो, डाळी-कडधान्ये ५ किलो, शेंगदाणे दीड किलो, साखर ४ किलो, तेल ४ लिटर आणि भाज्या २५ किलो.

गुणाकार केल्यावर दुधाचे १४४ किलो होतात, पनीरचे १६. मटणाचे सुमारे ७९, कोंबडीचे ३०, अंड्यांचे ७. तांदळाचे ३६, गहू-ज्वारीचे २४, तेलाचे १४, साखरेचे १३, भाज्यांचे १२ ते १३, डाळींचे अवघे ९ आणि शेंगदाण्यांचे ५. एकूण बेरीज सुमारे ३९० किलो. त्यात दूध-पनीरचा वाटा ४१ टक्के, मांस-अंड्यांचा ३० टक्के आणि उरलेल्या सगळ्या धान्य-डाळ-भाजी-तेल-साखरेचा मिळून २९ टक्के.

या आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक तुलना करतो. स्वयंपाकाच्या गॅसचा १४.२ किलोंचा सिलिंडर पूर्ण जळल्यावर सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे या घरातले महिन्याचे दूध जवळपास साडेतीन सिलिंडरांच्या बरोबरीचे आहे.

आता शेजारचे पूर्ण शाकाहारी घर घ्या, जेथे मांस-अंडी नाहीत, परंतु रोज दोन लिटर दूध आणि महिन्याला दोन किलो पनीर आहे. बाकी सर्व तेच धरले तर बेरीज ३३८ किलोंच्या आसपास येते. दोन घरांत सामाजिक अंतर मोठे असेल, कार्बनचे अंतर मात्र जेमतेम १३ टक्के आहे. तिसरे घर व्हिगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेले काहीही न खाणारे. येथे दूध, पनीर, मांस आणि अंडी यांच्या जागी २० लिटर सोया दूध, १ किलो सोयावडी, ४ किलो जास्तीची कडधान्ये आणि २ किलो जास्तीचे शेंगदाणे धरले, तर एकूण बेरीज १५० किलोंवर थांबते, म्हणजे पहिल्या घराच्या सुमारे ३८ टक्के.

पीटर स्कारबरो आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ब्रिटनमधील ५५,५०४ लोकांच्या आहाराचा अभ्यास केला. रोज १०० ग्रॅमपेक्षा अधिक मांस खाणाऱ्यांचा दैनंदिन भार १०.२४ किलो, शाकाहारी लोकांचा ४.१६ आणि व्हिगन लोकांचा २.४७ किलो असा निघाला. आपल्या नमुन्यातील मांसाहारी घराचा माणशी दैनंदिन आकडा ३.२५ येतो. चहा, फळे, बाहेरचे खाणे आपण धरलेले नाही, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही. तरीही महाराष्ट्रातील साध्या मांसाहारी घराचा भार श्रीमंत देशांतील मांसाहाराच्या तुलनेत मुळातच बराच कमी आहे, हे नाकारता येणार नाही. भारतात वर्षाला माणशी मांस तयार होते ते साधारण ७ किलो, आणि त्यातले निम्मे कोंबडीचे. म्हणून आठवड्यातून एकदा कोंबडी खाणाऱ्या कुटुंबाला पृथ्वीच्या तापमानवाढीचे आरोपी ठरवणे मला मान्य नाही. ज्या घरात रोज मांस, रोज पनीर आणि माणशी अर्धा लिटर दूध आहे, त्या घराने मात्र हा हिशोब अवश्य मांडावा.

किलोपेक्षा प्रथिने मोजावीत

वरच्या हिशोबावर एक आक्षेप येतो की दूध रोज पितो आणि मटण कधीतरी खातो, म्हणून दुधाचा आकडा मोठा दिसणारच. तेव्हा दुसऱ्या पद्धतीने मोजू. १०० ग्रॅम प्रथिने मिळवायला त्या पदार्थामागे किती कार्बन पडतो? पूअर आणि नेमेचेक यांच्याच अभ्यासानुसार मटणामागे सुमारे २०, चीजमागे ११, दुधामागे ९.५, कोंबडीमागे ५.७, अंड्यांमागे ४.२, शेंगदाण्यामागे १.२ आणि कडधान्यांमागे ०.८ किलो. प्रथिनांच्या मापाने दूध कोंबडीपेक्षा आणि अंड्यापेक्षा महाग पडते, आणि मटणातून मिळणारी तेवढीच प्रथिने मटकी, हुलगे किंवा तूर यांतून घेतली तर भार विसाव्या हिश्शापेक्षाही खाली येतो.

म्हणून बदल करताना एका वाटीऐवजी दुसरी वाटी असा विचार करू नये. प्रथिनांऐवजी प्रथिने असा करावा. मटणाऐवजी कच्च्या फणसाची भाजी चवीला उत्तम लागते, तिचा पोतही मटणाच्या जवळ जातो, परंतु फणसात प्रथिने फारच थोडी असतात. त्या जेवणात सोबत वालाची उसळ किंवा काळ्या वाटाण्याचे सांबार नसेल तर ताट अपुरे राहते.

जमीन आणि पाणी: येथे उत्तर सरळ नाही

कार्बन हे एकच माप नव्हे. एक किलो मटणासाठी जागतिक सरासरीने सुमारे ३७० चौरस मीटर जमीन लागते, कोंबडीला १२ आणि कडधान्यांना १५ ते १६. प्रथिनांच्या मापाने कोंबडी आणि कडधान्ये जमिनीच्या बाबतीत जवळजवळ बरोबरीत येतात, हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवावे. जगभराचा विचार केला तर प्राणिजन्य अन्न पूर्ण थांबवल्यास अन्नासाठी वापरली जाणारी जमीन ७६ टक्क्यांनी आणि अन्नातून होणारे उत्सर्जन ४९ टक्क्यांनी घटेल, असा पूअर आणि नेमेचेक यांचा निष्कर्ष आहे.

परंतु मटणाच्या त्या ३७० चौरस मीटरकडे आपल्या दख्खनच्या पठारावरून पाहिले तर चित्र बदलते. धनगरांचे कळप पावसाळ्यानंतर गावोगाव फिरतात, सुगीनंतरच्या शेतात उरलेले धसकट, बांधावरचे गवत आणि माळरानातील झुडपे यांवर जगतात. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात आणि त्यांच्या लेंड्या-मुतावर पुढचे पीक घेतात. या मेंढ्यांसाठी कोणी जंगल तोडून मका पेरलेला नसतो, त्यांना पाटाचे पाणी दिलेले नसते. उस्मानाबादी शेळी पाळणाऱ्या भूमिहीन बाईकडे तर त्या दोन-तीन शेळ्यांशिवाय अडीअडचणीला मोडण्याजोगे दुसरे काही नसते. अशा कळपाचा मिथेन खरा आहे, किंबहुना जनावर हळू वाढत असल्याने किलोमागे तो अधिकच असतो. परंतु जमीन आणि पाण्याच्या रकान्यात त्याला जागतिक सरासरी लावणे चुकीचे आहे. आपण मटण कोणाकडून घेतो हे ठाऊक असेल, तर वहीत त्यापुढे तशी खूण करावी.

दुधाच्या बाबतीतही असेच आहे. आपल्या म्हशी-गायींच्या पोटात कडबा, उसाचे वाढे, भुसा आणि सरकीची पेंड जाते. माणसाच्या उपयोगाला न येणाऱ्या वस्तूंचे त्या अन्न करतात, शेणखत देतात, आणि गोबरगॅस असेल तर शेणातला मिथेन जळणासाठी वापरता येतो. त्याच वेळी भाकड जनावरे आणि दूध न देणारी रेडके यांचाही मिथेन त्या दुधाच्याच खात्यावर पडतो, हे विसरू नये. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि जवळपास ११ कोटी म्हशी नोंदल्या गेल्या. एवढ्या जनावरांना केवळ धसकटावर पोसता येत नाही. सिंचनाखालील जमिनीत चारापिके घ्यावी लागतात आणि येथेच मटणापेक्षा दुधाचा ताण सिंचनाच्या पाण्यावर अधिक पडतो.

पाण्याचे आकडे मेकोनेन आणि हुकस्ट्रा या पाणीवापराच्या अभ्यासकांनी काढलेले वापरावेत. पावसाचे, सिंचनाचे आणि प्रदूषण विरळ करण्यासाठी लागणारे पाणी मिळून किलोमागे शेळी-मेंढीच्या मांसाला सुमारे ८,७६० लिटर, कोंबडीला ४,३२५, अंड्यांना ३,२६५, कडधान्यांना ४,०५५ आणि दुधाला १,०२० लिटर लागतात. किलोच्या मापाने कडधान्ये येथे वाईट दिसतात. प्रथिनांच्या मापाने पाहिले तर एक ग्रॅम प्रथिनांमागे कडधान्यांना १९ लिटर, अंड्यांना २९, दुधाला ३१ आणि कोंबडीला ३४ लिटर पडतात. शिवाय आपली तूर, मटकी, हुलगे बहुतांशी कोरडवाहू आहेत, म्हणजे ते पाणी पावसाचे असते.

केवळ व्हिगन झाल्याने पाण्याचा प्रश्न सुटत नाही, याचे महाराष्ट्राइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नसेल. राज्यातील पिकांखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा साधारण ४ टक्के असताना सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी तो घेतो, असे केंद्रीय कृषी मूल्य आयोगाने म्हटले आहे. मराठवाड्यात टँकर फिरत असताना आपण दूध सोडून साखरेचे गोड पदार्थ दुपटीने खाल्ले, तर वहीतला एक रकाना घटेल आणि दुसरा वाढेल. तांदळाचेही तसेच. भाताच्या खाचरात पाणी साचून राहिल्याने मुळांशी प्राणवायू पोहोचत नाही आणि मिथेन तयार होतो. खाचरे आलटून पालटून कोरडी केली तर तो ३० ते ५० टक्क्यांनी कमी होतो, पण ते शेतकऱ्याच्या हाती आहे. आपल्या हाती आहे ते आठवड्यातल्या चार-पाच वेळच्या भाताऐवजी ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी करणे. दूर देशाहून विमानाने येणारी फळे आणि भरपूर सिंचनावर वाढणारे कॅलिफोर्नियातील बदाम यांनाही केवळ प्राणिजन्य नाहीत म्हणून माफी देऊ नये. एरवी वाहतुकीची फार चिंता करण्याचे कारण नाही. अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्के आहे.

सर्वांत मोठ्या रकमेपासून सुरुवात

हिशोब झाल्यावर वहीतील सर्वांत मोठी रक्कम शोधावी आणि पहिले तीन महिने फक्त तिच्यावर काम करावे. सगळे एकदम बदलू पाहणाऱ्या घरात पंधरवड्यात पूर्वीचाच स्वयंपाक परत येतो, हा माझा पाहण्यातला अनुभव आहे.

रक्कम दुधाची असेल तर ते कशाकशात जाते हे पाहावे. बहुतेक घरांत चहा, मुलांचा पेला, दही आणि साय असे चार वाटे असतात. मुलांच्या पेल्याला हात लावण्याआधी पनीर आणि मोठ्या माणसांचा चहा यांकडे वळावे. चहासाठी घरचे सोया दूध करता येते: १०० ग्रॅम सोयाबीन आठ तास भिजवून, साले चोळून काढून, गरम पाण्यात वाटावे, फडक्यातून गाळावे आणि एक लिटरपर्यंत पाणी घालून ढवळत पंधरा ते वीस मिनिटे उकळावे. हे उकळणे टाळू नये, कारण कच्च्या सोयाबीनमधील प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक उष्णतेनेच निष्प्रभ होतात. गाळलेला चोथा टाकून न देता थालीपिठाच्या भाजणीत मिसळावा. काळा चहा किंवा गवती चहा घालून केलेला बिनदुधाचा चहा आवडत असेल तर एवढाही खटाटोप नको. शेंगदाणे भिजवून, वाटून, उकळून, कोमट झाल्यावर हिरव्या मिरचीचे देठ घालून विरजण लावता येते. पहिले दही पातळ लागते, त्याचेच विरजण लावून दुसऱ्या दिवशी केलेले चांगले जमते. कोकणातील सोलकढी नारळाच्या रसाची असतेच, तेव्हा ताकाची उणीव तेथे जाणवत नाही. पनीरच्या जागी टोफू किंवा, माझ्या मते त्याहून सरस, भिजवलेले काबुली चणे वापरावेत. विकतचे पदार्थ घेताना अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने व्हिगन पदार्थांसाठी ठरवलेले हिरवे चिन्ह वेष्टनावर पाहावे. साधा हिरवा ठिपका शाकाहारी पदार्थाचा असतो आणि त्यात दुधाची भुकटी असू शकते.

रक्कम मटणाची असेल तर सर्वांत सोपा मार्ग मसाला तोच ठेवून आतला जिन्नस बदलण्याचा. कांदा-खोबऱ्याचे भाजलेले वाटण, कांदा-लसूण मसाला, मालवणी मसाला यांत प्राणिजन्य काहीच नसते; रविवारच्या जेवणाची निम्मी ओढ त्या वाटणाची असते. सांगली-कोल्हापूरकडचा अख्खा मसूर याच वाटणात केला तर भाकरीबरोबर मटणाच्या रश्श्याची उणीव बरीचशी भरून निघते. महिन्यातील चार मटणांपैकी दोन रविवारी असा बदल केला तर नमुन्यातील घराचे ४० किलो लगेच वाचतात. मटणाऐवजी कोंबडी केली तरी किलोमागे तीन चतुर्थांश भार कमी होतो. मात्र एका बोकडाच्या मांसाएवढे मांस मिळवायला आठ-दहा कोंबड्या माराव्या लागतात, आणि ज्यांना प्राण्यांचे दुःख हाही प्रश्न वाटतो त्यांनी हे लक्षात घेऊनच तो मार्ग निवडावा.

कोकण आणि गोव्यातील घरांत मासळीचा रकाना येतो आणि त्याला एक आकडा लावता येत नाही. बांगडा, तारली यांसारखी थव्याने सापडणारी मासळी आणि तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरने आणलेली मासळी यांचा भार सारखा नाही. येथे तीन पथ्ये पाळावीत: मत्स्यशेतीतील कोळंबी क्वचित घ्यावी, अंडी धरलेली मासळी आणि पुरती न वाढलेली पिल्ले विकत घेऊ नयेत, आणि १ जून ते ३१ जुलै या महाराष्ट्रातील मासेमारीबंदीच्या काळात ताज्या समुद्री मासळीचा आग्रह धरू नये.

शरीराची काळजी

प्राणिजन्य अन्न पूर्ण सोडणाऱ्याने ब-१२ जीवनसत्त्वाची गोळी किंवा ते मिसळलेले पदार्थ घेतलेच पाहिजेत. विश्वासाने अवलंबून राहता येईल असा ब-१२ चा वनस्पतिजन्य स्रोत नाही. दूध वर्षानुवर्षे पिणाऱ्या शाकाहारी लोकांतही ही कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते, म्हणून बदलाआधीच रक्ततपासणी करून घ्यावी. घरच्या सोया दुधात कॅल्शियम फारसे नसते; ते १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास आणि तिळात त्याहून पुष्कळ अधिक मिळते. कडधान्ये भिजवून मोड आणून खाल्ली आणि वर लिंबू पिळले तर त्यातील लोह अंगी लागायला मदत होते. गरोदर स्त्री, लहान मूल किंवा आजारी माणूस यांच्या ताटात बदल करताना डॉक्टरांचा आणि आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, आणि कार्बनचा हिशोब त्यांच्यापुरता बाजूला ठेवावा.

पुन्हा मोजणी करताना महिना नीट निवडावा. श्रावणात किंवा चातुर्मासात मांसाहार बंद असलेल्या घराचा आकडा आपोआप घटतो, तर दिवाळीत तूप, खवा आणि साखर यांनी तो फुगतो. पहिली नोंद माघात केली असेल तर दुसरी पुढच्या माघात करावी, आणि मधल्या काळात फक्त निवडलेल्या त्या एका मोठ्या रकमेची, म्हणजे दुधाच्या लिटरांची किंवा मटणाच्या किलोंची, महिन्याच्या शेवटी एक ओळ लिहीत जावी.